हार्पची तार बदलणे

पाश्चात्य वाद्यवृंदातील मोठ्या हार्पला 47 तारा असतात. ‘सी’ स्वराच्या तारा तांबड्या आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या असल्याने वादकास स्थान तत्काळ कळते. खर्जाच्या तारा धातूच्या, तर मधल्या बहुधा आतड्याच्या तांतीच्या असतात. हवेतील ओलाव्याने तांत बिघडते व झिजून तुटते.

नवी तार त्याच स्थानाची व जाडीची घ्यावी. ती फळीच्या छिद्रातून आतून बाहेर ओवितात. गाठ निसटू नये म्हणून तीत जाड तांतीचा तुकडा घालितात. मग वरचे टोक खुंटीस गुंडाळून किल्लीने हळूहळू ताणावे. सर्व तारा एकदम काढू नयेत, कारण वाद्याचा तोल त्यांच्या ताणावरच राहतो.

नवी तार कित्येक दिवस सैल होत राहते. विद्यार्थ्यांनो, तिला रोज सुरात लावणाऱ्यासच ती अखेर साथ देते.