संवादाआधीच्या चौकटी

नाटक लिहायला घेतलं की माझ्या वहीत सुरुवातीचे बरेच दिवस एकही संवाद नसतो. पट्टीने आखलेल्या चौकटी असतात, एका पानावर सहा. चौकटीत काड्यांची माणसं: कोण बसलंय, कोण उभं आहे, कोणाचं तोंड दाराकडे, कोणाची पाठ प्रेक्षकांकडे. कोपऱ्यात एक बाण, उजेड कुठून येतोय ते दाखवणारा. माणसं बोलायला लागायच्या आधी त्यांच्यात अंतर किती आहे, हे मला ठाऊक असावं लागतं. सासू आणि सून शेजारी-शेजारी भाजी निवडताहेत की दोघींच्या मध्ये स्वयंपाकघराचा उंबरठा आहे, यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरतं.

ही सवय मला इंद्रजाल कॉमिक्सने लावली. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली आणि १९९० मध्ये बंद झालेली ही पुस्तकं आमच्या लहानपणी रद्दीच्या दुकानात मिळायची. कधी मुखपृष्ठ नसायचं, कधी शेवटची पानं. शेवट नसलेला वेताळ वाचला की पुढच्या चौकटी आपणच वहीत काढायच्या. वेताळ आणि मॅन्ड्रेक यांचा जनक ली फॉक हा आयुष्यभर रंगभूमीवर राबलेला माणूस होता, हे कळलं तेव्हा मला खूप आनंद झाला. १९३४ मध्ये मॅन्ड्रेक, १९३६ मध्ये वेताळ, आणि त्यांच्या जोडीला जवळपास तीनशे नाटकांची निर्मिती, शंभरेक नाटकांचं दिग्दर्शन. मार्लन ब्रँडोसारखा नट शॉच्या नाटकात त्याच्या हाताखाली उभा राहिला. फॉक गोष्ट लिहायचा आणि चित्रं दुसरे काढायचे. वेताळाची सुरुवातीची रे मूर यांनी काढली, मॅन्ड्रेकची फिल डेव्हिस यांनी. म्हणजे कोण कुठे उभं आहे आणि काय करतंय हे शब्दांत सांगून कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा. नाटककार दुसरं काय करतो?

कॉमिक्सच्या दोन चौकटींमध्ये एक पांढरी फट असते. पहिल्या चौकटीत वेताळाची मूठ उगारलेली असते आणि दुसऱ्या चौकटीत गुंड जमिनीवर पडलेला असतो. ठोसा कोणी काढलेलाच नसतो, तो वाचणाऱ्याने मारलेला असतो. माझं सगळं काम या फटीत चालतं. काय दाखवायचं हे पुष्कळांना सुचतं. काय गाळायचं हे ठरवायला मात्र नाटककाराचे महिने जातात, आणि नाटक चांगलं की वाईट हे बहुतेक तिथेच ठरतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्याला हे शिकायला लांब जावं लागत नाही. तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात कोरलेल्या कैलास मंदिराच्या मंडपाखाली, दक्षिणेच्या अंगाला रामायण आहे आणि उत्तरेच्या अंगाला महाभारत. एकाखाली एक पट्ट्या, पट्टीत माणसं, झाडं, रथ, वानर. पर्यटकांचे घोळके तिथे फार थांबत नाहीत, ते हत्तीपाशी फोटो काढून पुढे सरकतात. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी या भिंतीसमोर उभं करतो आणि सांगतो, एक पट्टी निवडा आणि त्यात काय दाखवलेलं नाही ते लिहून काढा. सेतूसाठी दगड वाहणारे वानर दिसतात. त्यांचा थकवा कोरलेला नाही, पण बघता बघता आपले खांदे जड होतात.

अजिंठ्याला जागा वेगळी आणि धडाही वेगळा. सतरा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत विश्वंतर जातकातला प्रसंग आहे. मंडपात राजपुत्र पत्नीला सावरून बसलाय, हद्दपारीची बातमी तिला कळली आहे. शेजारी तीच दोघं छत्रीखाली शहरातून चालत निघाली आहेत. मधे रेघ नाही, चौकट नाही. एक खांब ओलांडला की काळ पुढे सरकलेला असतो. तीच माणसं एकाच भिंतीवर दोनदा दिसतात आणि बघणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही. कला-इतिहासकार विद्या देहेजिया यांनी दाखवून दिलंय की अजिंठ्याच्या चित्रकारांनी पुष्कळदा गोष्ट काळाच्या क्रमाने मांडलीच नाही, ठिकाणाप्रमाणे मांडली. राजवाड्यात जे जे घडतं ते एका बाजूला, रानात घडतं ते दुसऱ्या बाजूला. आधी काय आणि नंतर काय, ते बघणाऱ्याने जुळवायचं. एका नेपथ्यावर अख्खं नाटक उभं करणाऱ्या लेखकाला याहून मोठा आधार कुठे मिळणार? घर एकच असतं. त्या घराच्या माजघरात तीस वर्षांपूर्वीचं भांडण चालू असतं आणि ओसरीवर आजची संध्याकाळ. चित्रकाराला पाचव्या शतकात जमलं ते मला दोन स्पॉट आणि एका डिमरवर जमायला हवं.

आणि मग प्रा. लक्ष्मण देशपांडे. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या या माणसाने ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लिहिलं, बसवलं आणि एकट्याने केलं. पात्रं बावन्न, नट एक. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं कुटुंब लग्नासाठी लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. गिनीज बुकात नोंद झाली, देशोदेशी प्रयोग झाले. २००९ मध्ये सर गेले, आणि पुढे संदीप पाठक यांनी ते नाटक पुन्हा उभं केलं. लोक बावन्न या आकड्याचं कौतुक करतात. मला त्या बावन्न जणांच्या मधल्या जागांचं कौतुक वाटतं. ध्वनिचित्रफीत थांबवत थांबवत बघितली की लिखाणातली कारागिरी उलगडायला लागते.

एकपात्रीत दोन माणसं बोलतात तेव्हा नट एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे. नजरेची उंचीही बदलते: पोरगं वर बघतं, म्हातारा खाली. मान वळायला अर्धा सेकंद लागतो आणि त्या अर्ध्या सेकंदात रंगमंचावर कोणीच नसतं. एक गेलेला असतो, दुसरा यायचा असतो. ही झाली कॉमिक्सची पांढरी फट. प्रेक्षक ती स्वतः भरतो, म्हणून तीन तास एक माणूस बघूनही तो एकटाच होता असं कोणी म्हणत नाही. पण हे केवळ अभिनयाने साधत नाही, संहितेत त्याची सोय आधी करून ठेवावी लागते. पहिल्या दोन शब्दांत माणूस ओळखू आला पाहिजे, म्हणून प्रत्येकाला वेगळी सुरुवात हवी, वेगळा श्वास हवा, शिवी किंवा लाडाचा वेगळा शब्द हवा. पुढे कोण बोलणार आहे त्याचं नाव आधीच्या वाक्यात सहज पेरून ठेवावं लागतं. दोघं एकदम बोलू शकत नाहीत, तेव्हा गलका हवा असेल तर तुटक वाक्यांच्या वेगातून तो निर्माण करायचा. आणि हे सगळं मराठवाडी बोलीत, जी तोवर मोठ्या रंगमंचावर बहुधा गड्यांच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी यायची. देशपांडे सरांनी ती अख्ख्या गावाला दिली. त्यात लोभी होते तसे समंजस होते, आणि मुलाच्या काळजीने रडणारेही होते. माझ्या मते या शहराने मराठी नाटकाला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्टही इथल्याच माणसांची. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेच्या मंडळींबरोबर इथून मुंबईला गेले आणि १९९१ मध्ये ‘चारचौघी’ आलं. त्यातला विद्याचा फोनचा प्रवेश वंदना गुप्ते करायच्या, आणि २०२२ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वेंनी केला. नवऱ्याशी फोनवर बोलणारी बाई, आणि पलीकडचं एक अक्षर आपल्याला ऐकू येत नाही. अर्धा संवाद लेखकाने गाळला आहे. तो नवरा कोणी कधी पाहिला नाही, तरी थिएटरमधल्या प्रत्येकाला तो तपशिलात माहीत असतो. हा प्रवेश मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो आणि पलीकडची वाक्यं लिहायला लावतो. प्रत्येकाचा नवरा वेगळा निघतो आणि प्रत्येक जण खरा वाटतो.

सध्या आमच्या तालमी चालू आहेत त्या एकांकिकेत एक आजी, तिचा मुलगा आणि नात आहेत. रात्र नळाला पाणी येण्याची आहे. या शहरात पैठणचा नाथसागर एवढा जवळ असून कित्येक दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या रात्री येतं त्या रात्री घरं जागी असतात. नातीला पुण्याला प्रवेश मिळालाय, तिने ते घरात सांगितलेलं नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती सांगते तो प्रवेश चार पानांचा होता. वाचनाच्या वेळी सगळ्यांना आवडला. मी घरी येऊन चौकटी काढल्या तेव्हा दिसलं की त्या चार पानांत माणसं जागची हलतच नाहीत: सगळ्या चौकटी सारख्या, फक्त फुगे मोठे. मग ती पानं काढली. आता एका चौकटीत आजी टाकीचं झाकण उघडून वाकून बघते आहे. पुढच्या चौकटीत टाकी भरलेली, आजी पायरीवर बसलेली, आणि नातीची बॅग तिच्या मांडीवर. मधल्या वेळात सांगून झालंय.

मधला वेळ दाखवायचा कसा यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. प्रकाश बघणाऱ्या मुलाचं म्हणणं, सर, सरळ ब्लॅकआउट घेऊ. एकांकिका स्पर्धेत प्रत्येक ब्लॅकआउटला किंमत मोजावी लागते. प्रेक्षक खोकतो, मोबाइल उजळतात, वेळ जातो. मी मुलांना अजिंठ्याचा तो खांब आठवायला सांगितला. शेवटी काळोख न करता आजीने टाकीकडून पायरीकडे वळायचं ठरलं. ती पूर्ण पाठ फिरवते, पुन्हा तोंड दिसतं तेव्हा तास उलटलेला असतो. आजी करणारी मुलगी सिल्लोडकडची आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा ती नुसतीच वळली आणि काही घडलं नाही. मग तिने स्वतःहून वळता वळता खोचलेला पदर सोडला आणि श्वास सोडला. हॉलमध्ये बसलेली मुलं सरसावून बसली.

तिनेच माझं एक वाक्यही बदललं. मी लिहिलं होतं, ‘इतक्या रात्री का उठलीस?’ ती म्हणाली, ‘‘सर, माझी आजी असं नाही म्हणणार. ती म्हणेल, कामून उठलीस गं येवढ्या रातची?’’ त्या ‘गं’मध्ये आजीला सगळं आधीच समजलंय हे कळतं, आणि माझी पुढची तीन वाक्यं नकोशी झाली. तीही काढली. नटांच्या हाती गेल्यावर संहिता आखडत जाते, आणि मी ते होऊ देतो.

पुन्हा चौकटींकडे येतो. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी अजून पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गोष्ट गातात. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी या परंपरेतली जुनी चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख येतो. चित्र आणि प्रयोग हे दोन वेगळे विभाग आपण नंतर पाडले. विद्यापीठांतल्या नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात चित्रकथा लिहिण्याची एक तासिका असावी असं मला मनापासून वाटतं. आठ चौकटी, एकही फुगा नाही, गोष्ट कळली पाहिजे. ज्याला हे जमेल त्याने मग संवाद लिहावेत.

आमच्या एकांकिकेची शेवटची चौकट अजून दोन प्रकारे काढलेली आहे. एकीत मुलगा नळ बंद करतो. दुसरीत नळ चालूच राहतो आणि तो बहिणीला फोन लावतो. तालमीत दोन्ही करून बघतोय. नटांना पहिली हवी आहे, मला दुसरी.