तंबोऱ्याची पेटी आणि बंदुकीची पेटी

गेल्या महिन्यात एका बैठकीसाठी पुण्यास जाण्याचा योग आला. शमशाबादच्या विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत मी तंबोऱ्याची पेटी घेऊन उभा होतो. माझ्या पुढे काचीगुड्यातल्या एका जुन्या मराठी घरातली मुलगी उभी होती. लहानपणी ती माझ्याकडे चार वर्षे गाणे शिकली. पुढे तिचे मन नेमबाजीत रमले. तिच्याजवळही एक लांब काळी पेटी होती आणि शेजारी चाकांच्या खुर्चीत तिची आजी. मुलगी बालेवाडीच्या स्पर्धेला निघाली होती, आजी पुण्याच्या धाकट्या मुलाकडे.

"मास्तर, तुमच्या पेटीतून सूर निघतो. हिच्या पेटीतून काय निघायचे ते तुम्हीच सांगा," आजी म्हणाल्या. स्वर थट्टेचा होता, पण डोळ्यांत थट्टा नव्हती.

त्याचे कारण जुन्या मंडळींना सांगायला नको. आजींचे माहेर बिदरकडचे, भालकीच्या बाजूचे. १९४८ साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. संस्थान भारतात सामील झालेले नव्हते, बाहेरून शस्त्रे येण्याची वाट बंद होती आणि रझाकारांचा जोर वाढत होता. अशा वेळी सिडने कॉटन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ही कामगिरी अंगावर घेतली. हा गडी पूर्वी विमानातून गुप्त छायाचित्रे घेण्यात नाव कमावलेला. कराचीहून रात्री त्याची लँकॅस्ट्रियन जातीची मोठी विमाने निघत आणि बिदर, वरंगळ या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ ला निजामाने शरणागती दिली. कॉटनवर पुढे इंग्लंडात खटला चालला आणि त्याला दोनशे पौंड दंड झाला. तेवढ्यावर सुटला! आजींच्या कानात मात्र ती रात्रीची घरघर राहिली ती राहिलीच. नातीची बंदूक घरात आणायची नाही, असा त्यांचा दंडक होता. ती सरावाच्या ठिकाणीच कुलुपात राही.

रांग पुढे सरकली. खिडकीशी जाताच मुलीने आपणहून सांगितले, "यात रायफल आहे." तिथल्या तरुण नोकराला यातले काही ठाऊक नसावे. त्याने वरिष्ठांना फोन केला, अर्धा तास गेला. मुलगी शांत होती. म्हणाली, "सर, हे नेहमीचेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये मनू भाकरलासुद्धा दिल्लीला अडवले होते. ती भोपाळला निघाली होती. क्रीडामंत्र्यांना लक्ष घालावे लागले." त्याच मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविली.

मग वरिष्ठ आले आणि सारे रीतसर झाले. परवाना पाहिला, त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडला. बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री केली. काडतुसे वेगळ्या डब्यात, पक्की बांधलेली. माणशी पाच किलोंपर्यंतच ती नेता येतात आणि दोघांचा वाटा एकत्र करता येत नाही. हे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. पेटीला कुलूप लागले, कागदावर सही झाली आणि पेटी सामानाबरोबर विमानाच्या पोटात गेली. प्रवाशाच्या हाताला ती प्रवासभर लागायची नाही.

आजी हे सगळे टक लावून पाहत होत्या.

विमानात मुलीने मला तिच्या कलेची थोडी ओळख करून दिली. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते. आपल्या हैद्राबादेत वाढलेल्या गगन नारंगने २०१२ साली लंडनला कांस्य मिळविले ते दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली कांस्य घेतले ते मात्र हिच्याच पन्नास मीटरच्या प्रकारात. "प्रवासात धक्का बसला की नेम हलतो. उतरल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो," ती म्हणाली. मला हसू आले. मी दरबारी गवयाच्या उतारवयातला मुलगा. तंबोऱ्याला घरातल्या वडीलमाणसासारखे जपायचे, ही वडिलांची शिकवण. गावाला पोहोचल्यावर हातपाय धुऊन ते आधी तंबोरा लावीत आणि जवारी जमल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत.

पुण्याला उतरलो. माझी पेटी आधी आली. थोड्या वेळाने विमान कंपनीचा माणूस मुलीची पेटी हातात घेऊन आला. त्याने परवाना पुन्हा पाहिला, सही घेतली. आजींनी खुर्चीतून वाकून कुलूप दोनदा ओढून पाहिले.

"आमच्या वेळी रात्री यायची. कुणी आणली, कुणासाठी आणली, कुणी कुणाला विचारीत नसे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प होत्या. टॅक्सीत बसताना नातीला म्हणाल्या, "परत जाशील तेव्हा घरीच आण हो. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचे कुलूप चांगले आहे. किल्ली मात्र माझ्याजवळ."