विशेषणाचे शेपूट

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट हाडीमाशी खिळली. व्हाउचर कितीही रकमेचे असो, त्यावर कुणाची तरी सही हवीच. निवृत्तीनंतर हाच नियम जर्मनच्या वर्गात भेटेल, असे मात्र वाटले नव्हते.

लेक स्टुटगार्टला असते. पाच वर्षांचा नातू जर्मन भरभर बोलतो, मराठीत अडखळतो. फोनवरच्या आमच्या गप्पा आटू नयेत, म्हणून साठी उलटल्यावर मी पुण्यात क्लास लावला. शब्द पाठ झाले, पण विशेषणांच्या शेपटांनी दमवले. मार्क ट्वेनने १८८० साली या भाषेची थट्टा करणारा लेख लिहिला. त्यालाही विशेषणांनी छळले होते, हे वाचून जरा धीर आला.

तक्ते घोकून जमेना, तेव्हा सही आठवली. 'देअर क्लायनऽ हुंट' म्हणजे तो लहान कुत्रा. 'देअर'ने पुल्लिंगाची सही आधीच केली आहे. विशेषणावर भार नाही. पण 'एक लहान कुत्रा' म्हणताना 'आइन' पुल्लिंगालाही तेच आणि नपुंसकलिंगालाही तेच. सही राहिली! मग ती विशेषणाने करायची: 'आइन क्लायनर हुंट'. 'थंड पाण्याने' म्हणताना पुढे कुणीच नसेल, तर विभक्तीची सहीसुद्धा त्यानेच करायची: 'मिट काल्टेम वासर'.

आणि आपण तरी काय वेगळे करतो? काळा घोडा, काळी घोडी, काळे मांजर. प्रत्यय लागला की तिघांचेही 'काळ्या'. जर्मनमध्येही 'त्या थंड पाण्याने' म्हणताना 'मिट देम काल्टन वासर'. तिथला 'न' आपल्या 'ळ्या'चाच भाऊबंद. आपला 'लाल' कधी बदलत नाही, तसा त्यांचा 'रोझा', म्हणजे गुलाबी. हे सारे आपल्याला कुणी शिकवले? आईच्या कडेवर बसून ऐकले, एवढेच.

गेल्या रविवारी मी ऐटीत म्हणालो, "आइन क्लायनऽ हुंट." पलीकडून हसू आले, "आजोबा, क्लायनर!" मग म्हणाला, "माझ्याकडे मोठा गाडी आहे."

पूर्वी ते ऐकून पोटात तुटत असे. वाटे, मराठी याच्या हातून सुटली. आता कळते, त्याच्या कानावर पडते तेच कमी. मी हसलो नाही. नुसते विचारले, "मोठी गाडी? कुठल्या रंगाची?"

क्षणभर थांबून तो म्हणाला, "काळी."

सही बरोबर होती.