पहिले घर : आधी हिशेब, मग टोकन

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जावे, ही प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. परंतु जाहिरातीतील किंमत आणि किल्ली हाती येईपर्यंत होणारा खर्च यांत मोठे अंतर असते. ते न मोजता टोकन दिले, की दागिने गहाण पडतात आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागते. म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही एक साधा हिशेब मांडत आहोत.

समजा, सदनिका २५ लाखांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. प्रत्यक्ष रक्कम मात्र उत्पन्न पाहून ठरते. २० लाख मंजूर झाले, तर ५ लाख आपले. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास १ लाख ७५ हजार आणि नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार. हे २ लाख बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे ७ लाख रोख हाताशी हवेत. वकील, बँकेचे शुल्क व सोसायटीची अनामत वेगळीच. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही येतो. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

आता हप्ता. २० लाखांस ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी दरमहा सुमारे १८,००० रुपये पडतात आणि एकूण ४३ लाख फेडावे लागतात. मुदत १५ वर्षे केल्यास हप्ता सुमारे २०,३०० होतो, एकूण फेड साडेछत्तीस लाखांवर येते. महिना २,३०० रुपये जास्त भरून साडेसहा लाख वाचतात! बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड लागत नाही; बोनस किंवा वेतनाची थकबाकी तिकडेच वळवावी.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासावा. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी सदनिका राखीव असतात; त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरात खरेदीची बोलणी सुरू झाली की वही-पेन घेऊन आईवडिलांजवळ बसा. करारनामा मोठ्याने वाचून दाखवा, आकडे स्वतः मांडा. सही त्यानंतरच व्हावी.