ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट कधी बदलावा?

अनेक कारमध्ये टायमिंग बेल्ट असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात त्या जागी बहुधा गिअर असतात, त्यामुळे ती काळजी नाही. मात्र फॅन बेल्टकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हाच बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो.

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात रोटाव्हेटर चालू असताना बेल्ट तुटला, तर काही मिनिटांत इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाऊ शकते. दुरुस्तीत दिवस गेले, तर पेरणीचा वाफसा हातचा जातो.

बेल्ट कधी बदलावा?
- आतल्या बाजूला आडव्या भेगा पडल्यास
- कडांचे धागे सुटल्यास
- बेल्ट चकाकत असल्यास, ताण देऊनही चिरचिरल्यास
- पुलीच्या खाचेत तळाला टेकल्यास

ताण कसा पाहावा?
इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १५ मिमी दबला तर ताण ठीक. नेमके माप कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. सैल बेल्ट घसरतो, फार ताणलेला बेल्ट पंपाचे बेअरिंग खराब करतो. ग्रीस किंवा ऑइल लावू नका.

मृगाआधीच बेल्ट तपासा. त्याच नंबरचा नवा बेल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा. शेतात बेल्ट तुटल्यास इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.