ट्रॅक्टरचा क्लच बदलताना



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा लोखंडी आहे. ऊस कितीही चांगला पिकविला तरी तो फडातून गव्हाणीपर्यंत येतो ट्रॅक्टरच्या जिवावर. आणि ट्रॅक्टरची सारी ओढ इंजिनातून गिअरपेटीकडे जाते ती तव्याएवढ्या एका चकतीतून, म्हणजे क्लच प्लेटमधून. ती गेली की पन्नास घोड्यांचे इंजिनसुद्धा जागेवर नुसते ओरडत राहते.

गेल्या हंगामात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गटातील एका वाहतूकदार सभासदाचा ट्रॅक्टर ओढ्याच्या चढाला उभा राहिला. मागे दोन ट्रेलर, दोन्ही भरलेले. आम्ही मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा जळका वास सुटला होता. मालक म्हणाले, "साहेब, रेस घेतीया, पण गाडी उचलंना झालीया." आम्ही घड्याळ पाहिले. फडात टोळीने तोडलेला ऊस तसाच पडून होता. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आम्हीच सभांतून सांगत असतो. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटते, तो तोटा शेतकऱ्याचा. साखरेचा उतारा घसरतो, तो तोटा कारखान्याचा, म्हणजे पुन्हा सभासदांचाच.

तालुक्याच्या गावाहून मेस्त्री आला. मालकाच्या शेडमध्ये ट्रॅक्टर मधून उघडला, जळलेली प्लेट काढली, नवी बसविली. दुसऱ्या दिवशी दिवे लागणीला दोन्ही भाग जुळवायला घेतले. सगळे आत आले, पण बोटभर फट राहिली. मेस्त्री म्हणाला, "शाफ्ट अडतोय. प्लेट परत सेंटर करायला लागंल, तास-दोन तास जातील." दिवसभर दर तासाला फोन करून गाडी कधी निघते असे आम्ही विचारीत होतो. आता तर समोरच उभे होतो. हे लिहिताना संकोच वाटतो, पण आम्ही म्हणालो, "बोल्ट आवळा हो, बसेल आपोआप."

मेस्त्रीने आमच्याकडे पाहिले, मालकाकडे पाहिले आणि बोल्ट आवळले. फट मिटली. मिटताना आतून 'कट्' असा आवाज आला, तो सर्वांनी ऐकला आणि कोणीच काही बोलले नाही.

ट्रॅक्टरने दोन खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी क्लच दाबूनही गिअर पडेना, दात कराकरा वाजू लागले. पुन्हा सारे उघडले. नव्या प्लेटचा मधला भाग वाकला होता आणि घराच्या एका कानाला चीर गेली होती. दोन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले, टोळी दुसऱ्या फडात न्यावी लागली. दुसऱ्या प्लेटचे पैसे आम्ही देऊ केले, मालकांनी घेतले नाहीत. "तुम्ही काय वाईट चिंतून बोलला काय, साहेब?" म्हणाले. त्यांचा मोठेपणा तो. चूक आमची होती.

आम्ही शेतकी पदविकेच्या वर्गात ट्रॅक्टर फळ्यावर शिकलो, मेस्त्री तो हाताने शिकतो. त्यानंतर मात्र आम्ही या कामाला मुद्दाम उभे राहून सारे नीट पाहून घेतले. मालकाला समोर उभे राहून काय बघता येईल, तेवढेच येथे देतो.

१) जागा सपाट आणि पक्की हवी. मुरमावर किंवा उताराला हे काम करू नये. बॅटरीची तार आधी सोडावी.

२) पुढचा आस मधल्या खिळीवर डोलता असतो. ट्रॅक्टर मधून वेगळा केला की इंजिन त्या खिळीवर बाजूला कलंडू शकते. म्हणून आस आणि वरची बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा घट्ट ठोकाव्यात. त्या दिवशी एका बाजूची पाचर सैल होती. इंजिन चार बोटे कलले तेव्हा हाताखालच्या पोराने पाय मागे घेतला म्हणून वाचला. पूर्ण ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, हे विसरू नये.

३) दोन्ही भागांखाली स्वतंत्र, पक्का आधार हवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवून खाली हात घालू नये.

४) डिझेलच्या नळ्या, वायरिंग, स्टिअरिंगचे जोड, हायड्रॉलिकच्या नळ्या सोडताना प्रत्येकाला खूण करावी. नळीचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे. मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर उत्तमच.

५) उघडल्यावर प्लेट बदलून मोकळे होऊ नये. फ्लायव्हीलचा चेहरा पाहावा. निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर तो उष्णतेने भाजला आहे. क्लचचे बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले छोटे बेअरिंग हाताने फिरवून पाहावे, खरखर लागली तर बदलावे. आत तेलाचा ओलावा दिसला तर कोणते सील गळते ते शोधावे. नाहीतर नवी प्लेटही तेल पिऊन घसरणार.

६) नवी प्लेट डमी शाफ्ट घालून बरोबर मध्यावर बसवावी. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळावेत. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा हात फिरवावा तेवढाच. ग्रीस थापले तर ते उडून प्लेटवर जाते.

७) आणि मुख्य गोष्ट. दोन्ही भाग जुळवताना फट सगळीकडून सारखी आणि हाताच्या जोराने मिटली पाहिजे. अडले तर गिअर टाकून मागचे चाक किंचित फिरवावे, म्हणजे शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांत उतरतात. तरीही अडले तर भाग मागे घ्यावेत आणि प्लेट पुन्हा मध्यावर आणावी. बोल्ट हे जुळलेले भाग धरून ठेवण्यासाठी असतात, न जुळलेले ओढून आणण्यासाठी नसतात.

आमचा भाचा पुण्यात मोटारींच्या गॅरेजात आहे. हौशी मंडळींच्या स्पोर्ट्स गाड्यांची ताकद वाढवून देण्याचे काम तेथे चालते. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मामा, आमच्याकडंही हेच होतं." आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये साध्या क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला भोपळ्यासारखा एक गोल डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तेलामार्फत ताकद पुढे देण्याची ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी काढली. पुढे ती मोटारींत आली.

पेटी गाडीखाली चढविण्यापूर्वी तो डबा हाताने फिरवीत फिरवीत पेटीत सारावा लागतो. आत एकाहून अधिक ठिकाणी खाचा जुळतात आणि दर वेळी तो थोडा आत उतरतो. शेवटी तेलपंपात बसतो. मग पेटी इंजिनाला हाताने टेकली पाहिजे आणि टेकल्यावरही डबा मोकळा फिरला पाहिजे. पुष्कळ गाड्यांत डबा आणि इंजिनाकडची चकती यांच्यामध्ये ३ ते ५ मि.मी. मोकळीक राहते. ती नसेल तर डबा पुरता बसलेला नाही असे समजावे. तशात कोणी बोल्टाने पेटी ओढली तर आतला पंप फुटतो आणि काढलेली पेटी पुन्हा काढावी लागते. म्हणजे गाडी शर्यतीची असो की उसाची, नियम एकच.

भाच्याने दुसरीही एक गोष्ट सांगितली, ती आपल्या वाहतूकदारांनी मनावर घ्यावी. इंजिनाची ताकद वाढविली की त्यांना गिअरपेटीही तशी भक्कम करून घ्यावी लागते, नाहीतर मूळ पेटी फार दिवस टिकत नाही. आपल्याकडे काही जण डिझेल पंपाचे सील तोडून सेटिंग वाढवितात, मोठे टायर घालतात, दोन ट्रेलर जोडून वर आणखी मोळ्या चढवितात. इंजिन ओढते म्हणून आनंद वाटतो. पण क्लच मूळ हिशोबाचाच असतो, आणि ब्रेकही. त्यात ड्रायव्हर चढाला अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरतो किंवा दिवसभर पाय पेडलवरच ठेवतो. प्लेट घासते, तापते आणि ऐन हंगामात जाते. ओढ्याच्या चढाला उभ्या राहिलेल्या त्या ट्रॅक्टरचे सेटिंगही वाढविलेले होते, हे नंतर मेस्त्रीकडून कळले.

तरी सर्व वाहतूकदार सभासदांना विनंती की, क्लच घसरू लागला, पेडल फार वर किंवा फार खाली लागू लागले, गिअर टाकताना आवाज येऊ लागला, तर हंगामाची वाट न पाहता पावसाळ्यातच काम करून घ्यावे. त्या वेळी मेस्त्रीला सवड असते आणि सुटे भागही नीट पाहून घेता येतात. हंगामात गाडी उभी राहिलीच, तर त्याच तासाला गट ऑफिसला कळवावे. फडातला तोडलेला ऊस उचलण्यास दुसरी गाडी पाहता येईल आणि टोळीला पुढची तोड थांबविण्यास सांगता येईल. ही आमच्या खात्याची जबाबदारी आहे आणि ती आम्ही घेतो.

आणि एक कबुली. गाडी कधी निघते हे विचारायला आम्ही यापुढेही येऊ, कारण ते आमचे कामच आहे. पण मेस्त्री "अजून दोन तास लागतील" म्हणाला, तर आम्ही बाजूला बसून चहा घेऊ. बोल्ट आवळा, असे आमच्यापैकी कोणी म्हणाले तर सभासदांनी हा अंक पुढे धरावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी