पेट्रोलमधलं सल्फर: १० पीपीएमचा नियम आणि टाकीत ओतायची बाटली

१ एप्रिल २०२० ला देशभरातल्या पंपांवर बीएस-६ पेट्रोल सुरू झालं. लॉकडाऊन होता, गाड्या घरी उभ्या होत्या, त्यामुळे बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आलं नाही. बदल असा होता: पेट्रोलमधल्या सल्फरची, म्हणजे गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. बाइकच्या टाकीत १० लिटर पेट्रोल आहे असं धरा. वजन साधारण साडेसात किलो. त्यात आता फार तर ७५ मिलिग्रॅम सल्फर चालतं.

मग प्रश्न पडतो, की सरकारने गाडीच्या धुरावर बंधन घालावं, पेट्रोलमध्ये कशाला हात घालायचा?

उत्तर आहे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायू त्यावर येऊन कमी घातक होतात. पण सल्फर जळून तयार झालेले वायू त्याच थरावर जागा अडवून बसतात. गाडी पळते, चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र जास्त सुटतात, आणि ते जातात मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात.

म्हणून नवी गाडी आणि नवं इंधन बरोबरच यावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे पेट्रोल बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे: जुनी बीएस-४ गाडी त्यावर बिनधास्त चालते. बीएस-६ गाडीत जुनं पेट्रोल भरलं, तर कन्व्हर्टरवरचा खर्च पाण्यात.

आता बाटलीकडे येऊ. पंपावर १० पीपीएम पाळलं, पण वरून आपण ॲडिटिव्ह ओततो त्याचं काय? समजा ॲडिटिव्हमध्ये १००० पीपीएम सल्फर आहे आणि ते पेट्रोलमध्ये १ टक्का मिसळलं. एवढ्यानेच १० पीपीएमची भर पडली! मर्यादेच्या दुप्पट.

अमेरिकेत ईपीएने यासाठी वेगळा नियमच केलाय. सांगितलेल्या कमाल प्रमाणात टाकूनही ॲडिटिव्हमुळे पेट्रोलमधलं सल्फर ३ पीपीएमपेक्षा जास्त वाढता कामा नये. गंमत म्हणजे तिथे पेट्रोलसाठी २०१७ पासून लागू झालेली १० पीपीएमची अट ही वर्षाची सरासरी आहे. रिफायनरीतून निघणारी एखादी बॅच ८० पर्यंत जाऊ शकते. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो आणि तरी काही युजर ताटकळत बसतात, तसंच हे. आपल्याकडे १० ही सरासरी नाही, कमाल मर्यादा आहे. या बाबतीत आपला नियम जास्त कडक.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘ही बाटली टाका, ॲव्हरेज वाढेल’ म्हणालं, तर आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात सांगितलं नसेल, तर राहू द्या. भेटू पुढच्या भागात!